परक्याच्या हाती पैसा देताना

ग्वाल्हेरात मान्यताप्राप्त शेअर बाजार कधी नव्हता. मध्य प्रदेशाचा शेअर बाजार होता इंदूरला, आणि संगणकाच्या पडद्यावरच्या देशव्यापी व्यवहारांपुढे तोही टिकला नाही. तरीसुद्धा वित्तबाजार आणि त्याचं नियमन यांची मराठीत ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून लिहिताना मला उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. इथल्या राजाने देशातल्या एका मोठ्या कारखान्याला कर्ज दिलं. इथल्या एका पेढीची बँक झाली. इथे नोंदलेली कापडाची कंपनी पुढे देशातल्या पहिल्या फळीत जाऊन बसली. आणि ज्यांच्यावर कोणाचीच नजर नव्हती अशा ठेवकंपन्यांनी याच शहरात, आसपासच्या भिंड-मुरैन्यात, कष्टाने साठवलेली पुंजी गिळली.

सुरुवात १९०७ पासून करतो. जमशेटजी टाटांनी मनात धरलेला पोलादाचा कारखाना उभारण्यासाठी त्यांच्या मुलाने, दोराबजींनी, आधी लंडनमध्ये भांडवल मागून पाहिलं. तिथे जमलं नाही. मग ऑगस्ट १९०७ मध्ये मुंबईत भागविक्री खुली झाली. दिवस स्वदेशीचे होते. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी मिळून १६ लाख ३० हजार पौंड जमवून दिले. कारखाना बांधायला तेवढे पुरत होते. पण बांधलेला कारखाना चालवायला, कोळसा-खनिज घ्यायला, पगार वाटायला खेळतं भांडवल लागतं. त्यासाठी कंपनीने पुढे ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, आणि ते सगळेच्या सगळे एकट्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतले.

वित्तबाजार समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण त्यात बाजाराची दोन्ही मुख्य साधनं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. ते आठ हजार लोक भागधारक झाले, म्हणजे धंद्याचे मालक. नफा झाला तर लाभांश, नाही झाला तर काही नाही. कंपनी बुडाली तर सगळ्यांची देणी भागवून जे उरेल ते त्यांचं. महाराज मात्र धनको झाले. नफा होवो न होवो, ठरलेलं व्याज आणि मुदत संपल्यावर मुद्दल हा त्यांचा हक्क, आणि तो भागधारकांच्या आधी. ज्याने जोखीम जास्त घेतली त्याला वाढीचा वाटा, ज्याने कमी घेतली त्याला निश्चिती. बाजारात आज शेकडो नावांनी विकली जाणारी साधनं पाहिली तरी त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा हाच सौदा कमीअधिक प्रमाणात मिसळलेला सापडतो.

पण त्या दोघांत आणखी एक फरक होता, आणि हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. महाराजांना हवं ते विचारता येत होतं. कंपनीचे हिशेब मागवावेत, जाणकार माणूस पाठवून काम कुठवर आलं ते पाहावं, मुंबईच्या वकील-व्यापाऱ्यांना सल्ला विचारावा, हे सगळं त्यांच्या आवाक्यात होतं; पुढे तर मुंबईचे नामांकित अर्थतज्ज्ञ एफ. ई. दिनशॉ दरबाराचे सल्लागारच होते. त्या आठ हजारांतल्या एखाद्या कारकुनाला किंवा विधवेला यातलं काय करता आलं असतं? त्यांच्यापाशी टाटा हे नाव होतं, आणि त्या नावावरचा विश्वास. तो विश्वास सार्थ ठरला. मात्र प्रत्येक भागविक्रीमागे टाटा नसतात.

म्हणून नियमनाची माझी व्याख्या अशी आहे: महाराजांना त्यांच्या वजनामुळे जे कळू शकत होतं, ते साध्या माणसाला कायद्याने कळलं पाहिजे. नियामक तोट्याची हमी देत नाही, देऊही नये. तोटा झाला तर तो माहिती असून घेतलेल्या जोखमीचा असावा, लपवलेल्या गोष्टीचा नसावा, एवढंच त्याने पाहायचं. पुस्तकातल्या प्रत्येक नियमाला वाचकाने हाच प्रश्न लावून पाहावा, की या नियमामुळे मला आधी न दिसणारं काय दिसू लागलं?

आता थोडं मागे जाऊ. कायद्याचं नियमन येण्याआधी पैसा दूरच्या माणसाच्या हाती जातच नव्हता असं नाही. लष्करच्या सराफ्यात हुंड्या, म्हणजे दूरगावी पैसे चुकते करण्याच्या चिठ्ठ्या, चालत. हुंडीचा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. हजार रुपयांची हुंडी असेल तर नुसते 'हजार' लिहून भागत नसे. निम्मे पाचशे, त्याचे दुप्पट हजार, असं लिहायची चाल होती, म्हणजे कोणी वाटेत एक शून्य वाढवलं तरी दुसरा आकडा त्याला खोटं पाडी. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताक्षणी, मुदतीचे मुदतीनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत, बाजारातल्या पतदार असामीमार्फतच ती वटे. हुंडी हरवली तर तिच्या जागी पैठ देत, पैठही गहाळ झाली तर परपैठ. या सगळ्याला हुंडणावळ, म्हणजे सराफाचा मोबदला, लागे. एकही सरकारी अधिकारी नसताना सराफांनी बनावट, चोरी आणि तोतयेगिरी या तिन्हींवर कागदातच तोड काढून ठेवली होती. त्या बुद्धीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही व्यवस्था चाले ती सगळे एकमेकांना ओळखत होते म्हणून. ज्याची पत गेली त्याला सराफ्यात तोंड दाखवायला जागा नसे, हीच शिक्षा. पैसे देणारे आठ हजार झाले, मग आठ लाख झाले, की ही शिक्षा लागू पडत नाही.

दुसऱ्या टोकाला होता किल्ल्यावरचा खजिना, गंगाजळी. जयाजीराव शिंद्यांच्या काळात तो तळघरांत बंद असे. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या फौजेच्या पगारासाठी खजिनदार अमरचंद बांठिया यांनी तिजोरी उघडून दिली, आणि त्यासाठी इंग्रजांनी त्यांना याच सराफ्यात फाशी दिली. बंद तिजोरीतल्या पैशाला व्याज नसतं, काम नसतं. पुढे तो पैसा हळूहळू बाहेर पडू लागला. १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख, पुढच्या वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच, १८८७ मध्ये हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटींचं कर्ज. माधवराव महाराजांनी तोच पैसा उद्योगांत घातला. पुरलेली संपत्ती, मग सरकारला कर्ज, मग उद्योगाला भांडवल: कुठल्याही देशात वित्तबाजाराची वाढ साधारण याच वाटेने होते, आणि ग्वाल्हेरने ती वाट पन्नासएक वर्षांत पार केली.

महाराजांच्या आश्रयाने १९१६ मध्ये कृष्णराम बलदेव बँक निघाली. त्याआधी ती 'दुकान पिछाडी' या नावाची महाराजांच्या मालकीची छोटी सावकारी पेढी होती. बँक झाल्यावर तिचे पहिले व्यवस्थापक जाल ब्रोचा नावाचे पारशी गृहस्थ होते. ही बँक १९७५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. तिचं नाव आता जुन्या लोकांच्याच तोंडी उरलं आहे, पण बुडणाऱ्या बँकेपेक्षा सामावून घेतलेली बँक बरी, हे समजायला अकोल्याकडे पाहावं. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, मागोमाग केरळातली पलाई सेंट्रल बँक. या दोन धक्क्यांनंतर १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा लागू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. ती १९९३ मध्ये १ लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. एका बँकेतलं तुमचं मुद्दल आणि व्याज मिळून ही मर्यादा, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती असली तरी मर्यादा एकच. बँकेच्या प्रकरणातली ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पदवीधर माणसांनाही ती ठाऊक नसते.

शेअर बाजाराच्या नियमनाचा इतिहास पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे धावतं सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा ओसंडला, बॅकबे भरावाच्या कंपनीचे भाग वेड्यासारखे चढले आणि १ जुलै १८६५ ला सगळं कोसळलं. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. स्वतःच स्वतःला शिस्त लावण्याचा तो प्रयत्न होता. मुंबई प्रांताचा कायदा १९२५ चा, देशाचा १९५६ चा. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याने तर कंपनीने भाग किती रुपयांना विकावा हेही दिल्लीतला अधिकारी ठरवू लागला. बाजाराची नियामक संस्था सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली, पण तिच्या हातात कायद्याचं बळ आलं १९९२ मध्ये. त्याच वर्षी भांडवल नियंत्रक गेला, आणि त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आलं.

१९९२ चा हा बदल नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. त्याआधी सरकार म्हणत होतं, हा भाग घेण्याजोगा आहे की नाही ते आम्ही ठरवतो. त्यानंतर म्हणू लागलं, ठरवा तुम्ही, पण कंपनीला तुमच्यासमोर सगळं मांडायला आम्ही लावतो. माहितीपत्रकात पैसा कशासाठी लागतो, प्रवर्तकांवर कोणते खटले आहेत, धंद्याला कोणते धोके आहेत, हे सगळं लिहावंच लागतं. धोक्यांची ती लांबलचक यादी कंटाळवाणी वाटते, पण तीच तर महाराजांच्या जाणकाराने आणून दिली असती.

या बाबतीत ग्वाल्हेरचं एक वैशिष्ट्य बाहेरच्यांना माहीत नसतं. मध्य प्रदेशातल्या कंपन्यांचं रजिस्ट्रार कार्यालय भोपाळला नाही, इंदूरला नाही, ते इथे जयेंद्रगंजात आहे. राज्यातल्या कंपन्यांचं दप्तर असतं ते इथे. 'ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी' या लांब नावाने २५ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्यानंतर दहा दिवसांनी, जी कंपनी इथे नोंदली गेली, तीच आजची ग्रासिम. त्या जुन्या नावाच्या आद्याक्षरांतून हे नवं नाव निघालं. आज कुठल्याही कंपनीचे ताळेबंद, संचालकांची नावं, तिच्या मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे ते, कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणालाही पाहता येतं. दरबाराला जे माणूस पाठवून मिळत होतं ते एवढ्या पैशात घरबसल्या मिळतं. पण ते बघतं कोण?

इथून पुढचं लिहिताना मन शांत राहत नाही. दोन हजारच्या दशकात ग्वाल्हेर-चंबळ भागात ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं. लोक त्यांना सरसकट चिटफंड म्हणत, जरी १९८२ च्या कायद्याखाली चालणाऱ्या नोंदणीकृत चिटशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या पावत्या मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. कागद जाड, कडेला नोटेसारखी नक्षी. वर कंपनीचं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत रजिस्ट्रारकडचा नोंदणी क्रमांक. मध्ये ग्राहकाचं नाव, हप्ता, मुदत. काही कागदांवर जमिनीचा तुकडा, इतके इतके चौरस यार्ड. गाव नाही, सर्व्हे नंबर नाही. शेवटी मुदतअखेर 'अंदाजित मूल्य'. आणि तळाशी एजंटाचा कोड, जो बहुधा नात्यातला, गल्लीतला, किंवा मुलांच्या शाळेतला कोणीतरी असे.

त्या कागदावरचा नोंदणी क्रमांक खरा असे, आणि सगळी फसवणूक त्या खरेपणावर उभी असे. कंपनी नोंदली गेली याचा अर्थ एवढाच, की ती अस्तित्वात आहे. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या, सेबीच्या किंवा कंपनी कायद्यातल्या ठेवींच्या नियमांखाली मिळवावी लागते. जमिनीचं नाव पुढे केलं की कंपनी म्हणे आम्ही ठेव घेतच नाही, जमीन विकतो, म्हणून रिझर्व्ह बँक नको. आणि भाग विकत नाही, म्हणून सेबीही नको. दोन नियामकांच्या कुंपणांमधल्या बोळातून हा सगळा व्यवहार चालला. २०११ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने ठेवीदारांच्या संरक्षणाच्या राज्याच्या २००० सालच्या कायद्याचा आधार घेऊन अशा कंपन्यांच्या कार्यालयांना टाळी ठोकली. चांगलं झालं, पण तोवर बराच पैसा निघून गेला होता.

देशपातळीवर याच पद्धतीचं सर्वांत मोठं प्रकरण पीएसीएलचं. सेबीने तिला १९९९ मध्येच हटकलं होतं. कंपनी न्यायालयात गेली, २००३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात जिंकली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवायला २०१३ उजाडलं. २२ ऑगस्ट २०१४ ला सेबीने परताव्याचा आदेश दिला तेव्हा रक्कम झाली होती ४९,१०० कोटी आणि ग्राहक ५ कोटी ८५ लाख. एका कायदेशीर प्रश्नाचं उत्तर मिळायला चौदा वर्षं लागली आणि त्या चौदा वर्षांत हप्ते गोळा होत राहिले. नियमनाचं हे अपयश आहे, आणि नियमनाची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याने ते स्पष्टच म्हटलं पाहिजे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने तो मधला बोळ बराचसा बुजवला आहे: ज्या योजनेवर कुठल्याही नियामकाची देखरेख नाही, ती चालवणंच आता गुन्हा आहे.

नियामकाचा हात जड पडल्याचंही उदाहरण आमच्याच भागात आहे. मुरैना हा मोहरीचा आणि मोहरीच्या तेलाचा मुलूख. तेलगिरणीवाला माल आज घेतो आणि तेल पुढे विकतो. मधल्या काळात भाव पडला तर तोटा त्याच्या माथी बसतो. वायदे बाजारात तेवढ्याच मोहरीचा पुढचा सौदा आज विकून ठेवला की मालावरचा तोटा वायद्यावर भरून निघतो. शेतकरी स्वतः वायदे करत नसला तरी पुढच्या महिन्यांचा भाव त्याला दिसतो, आणि माल आज विकावा की थांबावं हे ठरवायला मदत होते. २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला. महागाईच्या भीतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मोहरीचे नवे वायदे थांबवले गेले, डिसेंबरात ती बंदी सात शेतमालांवर वर्षभरासाठी आली, आणि पुढे मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली. माझ्या मते हे चुकलं. लपवलेलं दाखवणं हे नियामकाचं काम. इथे दिसत असलेला भाव झाकला गेला. पुस्तकाच्या लेखकांचं मत याबाबत माझ्याइतकं कडक नाही, वाचकाने दोन्ही बाजू तिथे वाचाव्यात.

तरुण वाचकांसाठी एकच आकडा इथे देतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे-पर्यायांत (एफ अँड ओ) उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला; एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. इथे कोणी काही लपवलेलं नव्हतं. माहिती समोर असूनही माणसं या वाटेला का जातात, हा प्रश्न माझ्या व्याख्येत बसत नाही, आणि त्यावरचं प्रकरण मी दोनदा वाचलं.

पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. शेअर, रोखे, म्युच्युअल फंड यांची प्रकरणं एकमेकांवर बेतलेली आहेत, ती सलग वाचावीत. विमा आणि पेन्शनचं ज्याने त्याने गरजेनुसार पाहावं. ज्यांचे पैसे या घडीला कुठे अडकले आहेत त्यांनी मात्र सरळ तक्रारींच्या प्रकरणाकडे जावं. बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, दलालाविरुद्धची किंवा शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीविरुद्धची सेबीच्या स्कोअर्स या तक्रार संकेतस्थळावर, विम्याची विमा लोकपालाकडे, आणि कुठल्याच नियामकाखाली न येणाऱ्या ठेवीची पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी. अर्जासोबत पावत्यांच्या छायाप्रती जोडाव्यात. मूळ पावती अधिकृत मागणी आल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये, ती विकणाऱ्या एजंटाच्या तर नाहीच. पीएसीएलच्या परताव्याच्या वेळी लोकांना हे पुन्हापुन्हा बजावावं लागलं होतं.

लष्कर, ग्वाल्हेर